मागचे सूर मूळ गाण्यातलेच ठेवावेत की स्वतः गाऊन घ्यावेत?

आरव्हीसीवर, म्हणजे गाण्यातला आवाज दुसऱ्याच्या आवाजात बदलणाऱ्या एआय प्रोग्रामवर, मुख्य आवाज बदलणं आता बऱ्याच जणांच्या हाताला बसलंय. घोडं अडतं ते मागच्या सुरांवर, म्हणजे ध्रुवपदात मुख्य आवाजाच्या वरखाली चालणाऱ्या हार्मनीवर. सगळं गायन एकत्र मॉडेलला, म्हणजे रेकॉर्डिंगवरून शिकवलेल्या आवाजाला, द्यायचा पर्याय मी धरतच नाही. आरव्हीसी एका वेळी एकच सूर पकडतं. दोघं एकदम गायला लागले की ते कधी याच्या, कधी त्याच्या सुरावर उडी मारतं आणि आवाज गुळण्या केल्यासारखा येतो. सूर ओळखायची पद्धत आरएमव्हीपीई लावा नाहीतर क्रेपे, माझ्याकडं तरी फरक पडला नाही.

उरतात दोन वाटा. सोपी वाट अशी: यूव्हीआर या गायन आणि वाद्यं वेगळी करणाऱ्या प्रोग्राममध्ये गायन वेगळं काढायचं, त्यावर त्यातलंच मुख्य आवाज सोडवणारं कराओके मॉडेल चालवायचं. मुख्य आवाज एका फाईलमध्ये येतो, मागचे सूर 'इन्स्ट्रुमेंटल' नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये पडतात. मुख्य आवाज तेवढा बदलायचा, मागचे सूर आहेत तसे जोडायचे. अर्ध्या तासाचं काम. मागं दहा जणांचा कोरस असेल तर अजूनही मी हेच करतो.

आठेक महिने मी सगळ्याच गाण्यांना हेच केलं. मॉडेल आत्याच्या आवाजाचं, तिला विचारून, पंखा बंद करून वीसेक मिनिटं भजनं रेकॉर्ड करून बनवलेलं. आत्या मिरजेची, तंबोऱ्यांच्या दुकानांशेजारी जन्म गेलेला, कान पक्का. दिवाळीत सांगलीला आली तेव्हा हेडफोन लावून दिला. दुसऱ्या कडव्याला तिनं तो काढला. "आरं, माझ्या मागनं ही दुसरी बाई कोण गातीया?"

मला वाटलं हार्मनीबद्दल विचारतीय. तसं नव्हतं. मुख्य आवाज मधोमध असतो, पण त्याचा घुमारा मागच्या सुरांसारखाच डावी-उजवीकडं पसरलेला असतो, म्हणून कराओके मॉडेल त्याला मागच्यांत ढकलतं. दर ओळीच्या शेवटी मूळ गायिका हलकीशी रेंगाळत होती. 'स', 'श' आला की तिचाही पुसट 'स' आत्याच्या 'स'ला चिकटून यायचा. घुमारा काढणारं मॉडेल लावलं तर मागचे सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे झाले. एकदा लक्षात आल्यावर जुन्या प्रत्येक गाण्यात मला ती बाई ऐकू यायला लागली.

तेव्हापासून दुसरी वाट. वेगळी काढलेली हार्मनी कानात लावून पेटीवर सूर शोधतो, एकेक ओळ माझ्याच गळ्यातून गातो आणि 12 सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, वर नेऊन आत्याच्या मॉडेलमधून काढतो. वरचा सूर वेगळा, खालचा वेगळा. प्रत्येक सूर दोनदा गायचा, कारण एकच टेक कॉपी करून दोन्हीकडं ठेवला तर तो मधोमधच ऐकू येतो. मागच्या टेकमध्ये ओळीच्या शेवटचा 'स' मी म्हणतच नाही, मुख्य आवाजातला पुरतो.

यात अख्खी संध्याकाळ जाते, हे खरं. सूर कच्चा लागला तर मॉडेल तो झाकतही नाही. पण दोन-तीन सुरांचीच हार्मनी असेल आणि ती पेटीवर सापडत असेल, तर माझ्या मते ती संध्याकाळ द्यावी.

परवा आत्याला नवं गाणं ऐकवलं. "ह्या तिघी मीच व्हय?" म्हणाली, आणि परत पहिल्यापासनं लावायला सांगितलं.