दोघींचा बँड आणि हेडफोनचं एकच भोक : स्कार्लेट २आय२, चौथी पिढी

ड्रीम पॉपला, म्हणजे धूसर, घुमणाऱ्या आवाजाच्या गाण्यांना, माणसं कमी लागतात. बाल्टिमोरच्या बीच हाऊस या बँडची २००४ पासूनची मूळ जोडी दोघांचीच आहे. ऑर्गन, गिटार, ड्रम मशीन आणि त्यावर गाणं, एवढ्यावर त्यांनी सुरुवातीचे अल्बम केले. त्यामुळे सोलापुरात कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनी, एकीकडे गिटार आणि दुसरीकडे घरातला जुना कॅसिओ एवढ्यावर बँड करायचं ठरवलं तर त्यात वेडेपणा काही नाही. पैसे कशावर घालायचे, हा खरा प्रश्न. नवी गिटार नंतर घेता येते. आधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, घ्यावी लागते, आणि या किमतीत पहिलं नाव निघतं ते फोकसराइटच्या लाल डबीचं, स्कार्लेट २आय२चं. २०२३ साली आलेली तिची चौथी पिढी दोन जणांच्या बँडला कितपत पुरते, ते इथे पाहू.

आधी निकाल. घरात रेकॉर्डिंगसाठी घ्या, डोळे झाकून घ्या. स्टेजसाठी म्हणून घेणार असाल तर थांबा.

मागच्या बाजूला दोन माइक इनपुट आहेत, म्हणजे आपले साऊंडवाले ज्याला कॅनन म्हणतात ते. पुढच्या बाजूला गिटार किंवा कीबोर्डसाठी दोन पी-३८ जॅक, म्हणजे जाड पिनेची भोकं, आहेत. एकूण भोकं चार, पण चॅनल दोनच, हे विकत घेताना डोक्यात पक्कं हवं. गाणारीचा माइक आणि गिटार एका वेळी आले की डबी भरली. मग कॅसिओ कुठे लावायचा? त्याला यूएसबी असेल तर तो इंटरफेसला लावायचाच नाही, थेट लॅपटॉपला जोडायचा. मिडीवर फक्त कुठली पट्टी किती जोरात दाबली तेवढं जातं. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर ऑर्गनचा येतो आणि चॅनल एकही खर्च होत नाही. कीबोर्ड फार जुना, गोल पाच पिनांच्या मिडीचा असेल तर मात्र २आय२ला ते भोकच नाही. अशा वेळी त्याचं हेडफोन आउटपुट पुढच्या जॅकमध्ये, लाइन इनपुट म्हणून, घ्या आणि गिटार दुसऱ्या फेरीत रेकॉर्ड करा.

गिटार लावल्यावर ‘इन्स्ट’चं बटण दाबायला विसरू नका. ते बंद राहिलं तर गिटारचा आवाज बारीक आणि मुका येतो, आणि मग उगाच पिकअपला, म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाला, दोष दिला जातो.

या पिढीची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे गेन, माइकचा आवाज किती वाढवता येतो ते. माइकला ६९ डेसिबलपर्यंत गेन मिळतो. तिसऱ्या पिढीत तो ५६ होता. ड्रीम पॉपमध्ये आकडेवारीतला हा फरक प्रत्यक्ष कानाला कळतो, कारण इथे गाणं कुजबुजीच्या जवळचं असतं. शुअर एसएम५८सारख्या डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील, माइकवर हळू गायलं की ५५ ते ६० डेसिबल गेन सहज लागतो. जुन्या डबीची मूठ त्यासाठी शेवटापर्यंत फिरवावी लागते, इथे हातात जागा उरते. म्हणून सेकंडहँड तिसरी पिढी स्वस्तात मिळत असली तरी हळू गाणाऱ्या जोडीने ती घेऊ नये. धाकटी स्कार्लेट सोलोसुद्धा नको. तिला माइक इनपुट एकच आहे, दुसरीला सूर धरायचा झाला की अडलं.

कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या, माइकचा मोह सोलापुरात आवरलेला बरा. पूर्व भागात यंत्रमागाची खटखट भिंतीतून येते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा बंद करणं म्हणजे शिक्षा. कंडेन्सर हे सगळं इमानेइतबारे टिपतो. छताचा पंखा तर नुसता घरघरत नाही, पात्यांमुळे आवाज हलका थरथरतो आणि तो ट्रेमोलो नंतर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याच प्लगइनने निघत नाही. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, माइकची पाठ खटखटीच्या दिशेला करा आणि टेक चालू असेपर्यंतची चार मिनिटं पंखा बंद ठेवा. चार मिनिटं निघतात.

खोलीसाठी फोम विकत आणण्याआधी घरातल्या सोलापुरी चादरी बाहेर काढा. जाड चादर दुहेरी घडी करून भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरीवर टाकली, तर ती भिंतीला चिकटवलेल्या चादरीपेक्षा पुष्कळ जास्त आवाज शोषते. गाणारीच्या पाठीमागे एक आणि बाजूला एक, एवढं पुरतं. माइक पुढून ऐकतो, त्यामुळे पाठीमागची चादर जास्त महत्त्वाची. चादरीने वरच्या पट्टीचा घणघणाट जातो, खालचा घुमारा जात नाही. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या घरात असते, तिच्यापुढे कापडाचं काही चालत नाही. तो घुमारा आवाजाच्या ट्रॅकवर १०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे खालचे आवाज अडवणारा फिल्टर, लावून कापा.

आता ऑटो गेन. बटण दाबायचं, दहा सेकंद गायचं, डबी स्वतः गेन लावते. काम चोख आहे, पण त्या दहा सेकंदांत गाणाऱ्या लाजून हळू गातात आणि नंतर धृपदाला आवाज फुटतो. त्या दहा सेकंदांत गाण्यातली सगळ्यात जोराची ओळच गा. सगळ्यात वरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबलं की झालं, २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये त्याहून वर चढवण्यात काही फायदा नाही. क्लिप सेफ हे दुसरं बटण आवाज फुटायला लागला की गेन आपोआप खाली आणतं. तालमीत ते चालू असू द्या. पण एकच ओळ दोन-तीनदा गाऊन थर चढवायचे असतील, आणि ड्रीम पॉपमध्ये ते चढवायचेच असतात, तर बंद करा. एका टेकमध्ये गेन उतरला आणि दुसऱ्यात नाही, की थर एकमेकांवर नीट बसत नाहीत.

‘एअर’ बटणाने वरच्या पट्ट्या उजळतात. एसएम५८ला ते शोभतं. आधीच चकचकीत असलेल्या माइकवर लावलं तर स, श, च हे तिघे सुईसारखे टोचतात आणि रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमध्ये, गेल्यावर फवाऱ्यासारखे उडतात.

मराठीत ड्रीम पॉप करणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो. कॉकटो ट्विन्स या बँडची एलिझाबेथ फ्रेझर शब्दांचा अर्थ लागू न देताच गायची, तेव्हा तिथे प्रश्न नव्हता. आपल्याला शब्द कळायला हवे असतात. लांब रिव्हर्बमध्ये ट, ठ, त यांचे ठोके विरघळतात, मागे फक्त स्वर राहतो. ओळीच्या शेवटी लांबवता येणारा आवाज ठेवला, ‘दूर’, ‘धुकं’, ‘उन्हाळा’ यांसारखा, तर शेपटी छान लांबते. ‘पाट’वर ओळ संपवली तर ती कापल्यासारखी वाटते. आणि सेंडवर, म्हणजे रिव्हर्बकडे वेगळी पाठवलेल्या आवाजाच्या प्रतीवर, मूळ आवाजावर नव्हे, सहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग पाच-सहा डेसिबल खाली आणा. शब्द स्पष्ट राहतो आणि फवारा बसतो.

रिव्हर्ब नेहमी सेंडवरच लावा. प्रत्येक ट्रॅकवर वेगळं लावलं की दोघी दोन वेगळ्या विहिरींतून गातात. सुरुवातीला डिके (शेपटी विरायचा वेळ) चार सेकंद, प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) ३५ मिलिसेकंद, आणि परतीच्या आवाजातून ३०० हर्ट्झच्या खालचं कापलेलं, असं ठेवून बघा. वल्हाला सुपरमॅसिव्ह हे प्लगइन फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. गिटारच्या इफेक्टचा क्रम कॉम्प्रेसर, कोरस, डिले, रिव्हर्ब असा. कोरसचा वेग अर्ध्या ते एक हर्ट्झच्या मध्ये ठेवा, त्यापुढे गेलात तर सनईच्या कॅसेटला ओल लागल्यासारखं ऐकू येतं. डिलेचा काळ अंदाजाने लावू नका. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाच्या ठोक्यांनी, भागा आणि पाऊणपट करा. ९२ बीपीएमला एक मात्रा ६५२ मिलिसेकंदांची, म्हणून डॉटेड आठवी, म्हणजे पाऊण मात्रा, ४८९. हा आकडा दहा-पंधराने चुकला तरी गिटार ड्रम मशीनशी भांडायला लागते.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी डबीबरोबर एबलटन लाइव्ह लाइट मिळतं. रीपर हे दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि साध्या लॅपटॉपवर हलकं चालतं. विंडोजवर फोकसराइटचाच ड्रायव्हर टाका. डबी पहिल्यांदा जोडली की पेन ड्राइव्हसारखी दिसते. खराब निघाली असं समजून परत पाठवू नका, त्यातल्या लिंकवरून नोंदणी आणि सेटअप पूर्ण करायचा असतो.

आता मुख्य तक्रार. हेडफोनचं भोक एकच. ही डबी एकटीने खोलीत बसून गाणाऱ्या माणसासाठी बनवली आहे, हे इथे उघड होतं. दोघींना एकत्र वाजवायचं तर एक उपाय वाय-स्प्लिटरचा. त्यात आवाज दोघींना सारखाच कमी-जास्त होतो, शिवाय हेडफोन वेगवेगळ्या कंपनीचे असले तर एकीला कमी ऐकू येतं, म्हणून एकाच मॉडेलची जोडी घ्या. दुसरा उपाय बेहरिंगर एचए४००सारखा छोटा हेडफोन ॲम्प. चार जणांना वेगळा आवाज मिळतो, पण त्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की यंत्रमागाच्या वस्तीत रेकॉर्डिंगची सगळ्यात सोन्यासारखी वेळ वीज गेल्यावर येते. माग थांबतात, पंखे थांबतात, आणि डबी मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर चालूच राहते. तेव्हा एचए४०० बंद पडतो. स्प्लिटर पिशवीत असू द्या.

डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की आपला आवाज उशीर न होता हेडफोनमध्ये येतो, पण कोरडा, रिव्हर्बशिवाय. दोन्ही चॅनल वापरत असाल तर मोनो निवडा, नाहीतर गाणं एका कानात आणि गिटार दुसऱ्या. कोरड्या आवाजात ड्रीम पॉप गाताना सूर लांबवायला धीर होत नाही, म्हणून बहुतेक जण सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंगही चालू करतात. मग एकच आवाज दोनदा, किंचित मागे-पुढे येतो आणि पत्र्याच्या नळीतून गायल्यासारखं वाटतं. यावर तोडगा आहे. डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवा, सॉफ्टवेअरमधून कोरडा आवाज बंद करा आणि फक्त शंभर टक्के ओलं रिव्हर्ब हेडफोनमध्ये येऊ द्या. लॅपटॉपमुळे होणारा उशीर मग प्री-डिले म्हणून खपून जातो. बफरही, म्हणजे लॅपटॉप एका घासात घेतो तेवढा आवाज, १२८च्या खाली ओढावा लागत नाही. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर मंदावतो आणि लहान बफरवर चरचर सुरू होते, तेव्हा ही सवलत फार कामाला येते. मिक्स करताना बफर सरळ १०२४ करा.

गुणगुण ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष डबीचा नाही, जुन्या घरातल्या अर्थिंगचा किंवा दोन पिनांच्या चार्जरचा आहे. नाही थांबली तर गिटार घेऊन जागेवरच सावकाश गोल फिरा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर एका दिशेला गुणगुण जवळजवळ मरते. त्या दिशेला तोंड करून बसा.

स्टेजवर ही डबी का अडते, तर आउटपुट दोनच आणि हेडफोनमध्येही तेच दोन. ड्रम मशीनचा ट्रॅक लोकांना आणि क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, फक्त आपल्याला हवी असेल तर एकच मार्ग उरतो. ट्रॅक मोनो करून डावीकडे, क्लिक उजवीकडे, आणि साऊंडवाल्याला फक्त डावी वायर. चालतं, पण ज्या रुंद स्टिरिओसाठी ड्रीम पॉप करायचं तोच गेला. चार लाइन आउटपुटांच्या थोरल्या स्कार्लेट ४आय४वर ही अडचण येत नाही. वर्षातून तीन-चार कार्यक्रमांची खात्री असेल तर पहिल्यांदाच ती घ्या.

युवा महोत्सव असो की हुतात्मा स्मृती मंदिराचं सभागृह, माइक थेट मंचाच्या मिक्सरला द्या. गिटार पेडलमधून डीआय बॉक्सला, म्हणजे तिचा आवाज मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीला, द्या. गिटार सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसली तर तिचा वरचा सगळा उजेड जातो, कारण तिला एक मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं आणि लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतं. रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मं ठेवा, उरलेलं सभागृह स्वतः घालतं. साऊंडवाल्याकडून पी-३८ मागताना मोनो की स्टिरिओ ते स्पष्ट सांगा आणि पिनेवरच्या काळ्या पट्ट्या स्वतः मोजा. एक पट्टी म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. इंटरफेसच्या हेडफोन भोकात मोनो पिन गेली तर उजवी बाजू शॉर्ट होते, आणि आपली क्लिक तर उजवीकडेच असते.