जाम झालेला बोल्ट: तेल, टॉमी, आच की इम्पॅक्ट?

रत्नागिरीत समुद्राजवळ उभी राहणारी गाडी आणि नाशकात उभी राहणारी त्याच वर्षाची गाडी, दोन्ही खालून बघा. नाशिकच्या गाडीचे बोल्ट पाना लावला की सुटतात. रत्नागिरीच्या गाडीत आटे कुठे संपले नि गंज कुठे सुरू झाला ते डोळ्यांना कळत नाही. माझी वॅगनार या दुसऱ्या जातीची आहे. तिचे ब्रेक, शॉकअप, सायलेन्सर मी घरीच करतो आणि दरवेळी निम्मा वेळ बोल्ट सोडवण्यातच जातो. लोक विचारतात, स्प्रे घेऊ की इम्पॅक्ट, म्हणजे आघात देत बोल्ट फिरवणारं यंत्र? मी आधी उलट विचारतो, बोल्ट कितीचा आहे आणि बसलाय कशात?

हे विचारायचं कारण आहे. १० नंबरचा पाना लागतो तो बोल्ट बहुतेक वेळा ६ मिलिमीटरचा असतो. ८.८ ग्रेडचा नवाकोरा असा बोल्टसुद्धा साधारण १३ न्यूटन-मीटरच्या (हे पिळाच्या जोराचं माप) पुढे तुटू शकतो. दोन फुटी टॉमीच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, टोकाला जेमतेम सव्वादोन किलोचा भार पडला की तेवढा जोर होतो, मग गंजाने खाल्लेल्या बोल्टचं विचारूच नका. उलट चाकाचे नट घ्या. १२ मिलिमीटरचे स्टड, लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळलेले. त्यांना टॉमी लावून अंगाचा भार दिला तरी सहसा काही बिघडत नाही. म्हणून जाड बोल्टला जोर आणि बारीक बोल्टला वेळ, ही माझी पहिली वाटणी.

वेळ देणारा उपाय म्हणजे तेल. सगळ्यांच्या कपाटात डब्ल्यूडी-४० असतं, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं रसायन आहे. नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच, वॉटर डिस्प्लेसमेंट. हलक्या गंजाला ते पुरतं. खऱ्या जाम बोल्टला मुद्दाम गंज सोडवण्यासाठी मिळणारा पेनिट्रेटिंग स्प्रे घ्या, किंवा पॉवर स्टिअरिंग-ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि अ‍ॅसिटोन समसमान. हे मिश्रण वेगळं होतं, म्हणून दरवेळी हलवून घ्या, आणि ते झटकन पेटतं हे विसरू नका. जुन्या गॅरेजांत रॉकेल चालायचं, तेही अगदीच वाया जात नाही. पण मारल्या मारल्या पाना लावला तर यातलं काहीच उपयोगी नाही. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे घासा, तेल सोडा, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तेच. ठोके चुकवू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत फट उरतच नाही. ठोक्यांनी थर तडकतो तेव्हा कुठे तेलाला वाट मिळते. काही शे रुपयांचा खर्च, धोका जवळजवळ शून्य. ज्याला घाई नाही त्याने इथूनच सुरुवात करावी.

टॉमी हा सगळ्यात फसवा उपाय. तो घेण्याआधी सहाकोनी गोटी, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, घ्या. बाराकोनी गोटी आणि फिक्स पाना गंजलेल्या डोक्याचे कोपरे उडवतात, आणि एकदा डोकं गोल झालं की काम चौपट वाढतं. दांडा धरल्यावर पहिला जोर किंचित आवळण्याच्या दिशेने द्या, मग सोडण्याच्या. आणि हाताला काय जाणवतं तिकडे सगळं लक्ष ठेवा. गंज सुटतो तेव्हा 'कट्ट' असा कोरडा आवाज येतो, पाना एकदम दोन-चार अंश सरकतो आणि पुन्हा घट्ट होतो. बोल्ट तुटायच्या बेतात असतो तेव्हा आवाज येत नाही. पाना चिक्कीचा पाक ओढल्यासारखा मऊ फिरतो आणि जोर वाढत नाही. तो मऊपणा जाणवला त्या क्षणी थांबा, पुन्हा आवळा, तेल सोडा. मी शॉकअपचा एक बोल्ट असाच अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे करत पाऊण तास काढला, पण तो अखंड निघाला.

आच हा मला सर्वांत आवडणारा उपाय, कारण सायलेन्सरच्या नटांवर त्याला तोड नाही. १२ मिलिमीटरचं पोलाद २०० अंशांनी तापलं तर जाडीत फक्त ०.०३ मिलिमीटर वाढतं. पण गंजाचा थर ठिसूळ असतो, त्याला तेवढं पुरतं. आच बोल्टला द्यायची नाही, त्याच्याभोवतीच्या नटाला द्यायची. नट फुगला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेल्या पोलादी बोल्टला तर हे फारच लागू पडतं, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापलेल्या आट्यांना मेणबत्तीचं टोक टेकवलं तर मेण वितळून आत ओढलं जातं आणि नट पुष्कळदा हातासरशी फिरतो. लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) लावलेला बोल्टही आच दिल्याशिवाय सुटत नाही.

पण आधी आजूबाजूला काय आहे ते पाहा. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, बॉल जॉइंटचं रबर, चाकाचं बेअरिंग यांच्याजवळ गॅसची ज्योत नको. स्प्रे मारला असेल तर तो पुसून, सुकू द्या. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला कधीच आच देऊ नका. त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. जिथे ज्योत न्यायला भीती वाटते तिथे आचेचा विचारच सोडा.

बॅटरीवरचं इम्पॅक्ट हजारांत जातं, त्यामुळे वर्षातून एकदा ब्रेक पॅड बदलणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत. चाकाचे नट आणि अ‍ॅक्सलचा मोठा नट यांना मात्र ते टॉमीपेक्षा चांगलं. सलग पीळ न देता ते लहान-लहान आघात देतं, त्याने गंजाची पकड हादरते. गोट्या काळ्या, इम्पॅक्टच्याच घ्या. चकचकीत गोटी फुटून तुकडा उडू शकतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टवर मात्र हे यंत्र लावू नका, आत काय चाललंय ते हाताला कळतच नाही.

एक जागा अशी आहे जिथे या चारांतलं सहसा काहीच चालत नाही. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटतो. तुम्ही पाना ओढता, बोल्ट फिरतो, हायसं वाटतं. पाना सोडला की तो पुन्हा मागे येतो. फिरलेलं असतं ते रबर. ते इम्पॅक्टचे आघात पिऊन टाकतं आणि आच दिली तर जळतं. दोनदा तेल मारून पाहा, नाहीतर नवा बोल्ट आणि नवं बुश आणून ठेवा आणि बोल्ट सरळ लोखंड कापायच्या ब्लेडने कापा. कापायचं ठरवायला मी पहिल्यांदा दोन दिवस घेतले, आता अर्धा तास घेतो.

मागचे ब्रेक ड्रम निघत नसतील तर हातोडा उचलण्याआधी ड्रमच्या तोंडावर बघा. मारुतीच्या लहान गाड्यांत तिथे आटे असलेली दोन भोकं असतात. ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. हँडब्रेक सोडलेला हवा, आणि गाडी जॅकच्या जोडीला स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊन कुणीही टॉमीला झटके देऊ नयेत.

बोल्ट तुटलाच तर एझी-आउटच्या, म्हणजे तुटका तुकडा भोक पाडून उलटा काढायच्या हत्याराच्या, मागे फार लागू नका. ते कडक आणि ठिसूळ असतं, आत तुटलं की ड्रिलही चालत नाही. थोडा तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची आच गंज सोडवते आणि पाना धरायला नवं डोकं मिळतं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, मात्र मी यांतल्या कुठल्याच पंक्तीत बसवत नाही. ते आतून पोकळ असतं, पीळ सहन करत नाही, आणि तुटलं तर बहुतेक वेळा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो. सहाकोनी गोटी, हलके ठोके आणि भरपूर वेळ, एवढंच. सोमवारी ऑफिसला गाडी हवी असेल तर रविवारी दुपारी त्याला हात लावू नका. शुक्रवारी रात्री तेल मारून ठेवा आणि शनिवारी सकाळी पाना लावा, म्हणजे तुटलंच तर स्पेअरची दुकानं उघडी असतात.