फर्मवेअर कोसळलं, हे कर्नलकडून कसं कळावं? टेंट, डेव्हकोरडंप की डेव्हलिंक

वाय-फाय कार्ड, सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, यांपैकी बहुतेकांत स्वतःचा प्रोसेसर असतो आणि त्यावर फर्मवेअर, म्हणजे कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, चालतं. हे फर्मवेअर अधूनमधून कोसळतं. ड्रायव्हर बरा असेल तर तो ते ओळखतो, कार्ड रिसेट करतो, फर्मवेअर पुन्हा चढवतो. वापरणाऱ्याला एवढंच जाणवतं, की नेट मधेच गेलं आणि परत आलं. पण पन्नास-शंभर लिनक्स मशिनं ज्याच्या गळ्यात आहेत, त्याला एवढ्याने भागत नाही. कुठल्या मशिनवर, कुठलं कार्ड, कितीदा, हे त्याला हवं असतं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग. अडचण अशी, की प्रत्येक ड्रायव्हरची भाषा निराळी. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड' असं लिहितो, तर क्वालकॉमच्या कार्डांचा एटीएच10के 'फर्मवेअर क्रॅश्ड' म्हणून मोकळा होतो. हे शब्द कायम तसेच राहतील असं वचन कर्नलने कुणाला दिलेलं नाही. घरच्या एका लॅपटॉपसाठी लॉग पुरतो. शंभर मशिनांची देखरेख ग्रेपवर, म्हणजे लॉगमध्ये ठरावीक शब्द शोधण्यावर, उभी करू नये.

दुसरी वाट टेंटची, म्हणजे काही बिघडल्यावर कर्नल स्वतःवर लावून घेतो त्या डागाची. टेंटवर लोकांचा जीव जडतो, कारण तो एका आकड्यात मावतो. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रोक फाइलसिस्टिममध्ये टेंटेड हा आकडा वाचायचा, शून्य असेल तर कर्नल निष्कलंक. बाहेरचं बंद स्रोताचं मॉड्यूल चढवलं तर 1 मिळवला जातो, कर्नलने वॉर्निंग दिली तर 512. 2020 मध्ये लुईस चेंबरलेन यांनी असाच एक नवा डाग सुचवला होता: उपकरणाचं फर्मवेअर कोसळलं, की ड्रायव्हरने कर्नलवर 'क्यू' अक्षराची खूण करायची. मागचा विचार चुकीचा नव्हता. बिघडलेलं कार्ड डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिण्याच्या सोयीने) भलत्याच मेमरीत लिहू शकतं. तासाभराने कर्नल दुसऱ्याच कुठल्या कोपऱ्यात कोसळलं, तर तो ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळल्याचा अहवाल, वाचणाऱ्याला आधीचा प्रकार माहीत असायला हवा, आणि टेंटची अक्षरं ऊप्सच्या मजकुरात आपोआप छापली जातात.

वायरलेस आणि नेटवर्कच्या देखभालकर्त्यांनी हरकत घेतली, आणि मला ती पटते. टेंट एकदा लागला की रिबूटपर्यंत जात नाही. मॉड्यूल काढून टाकलं तरी नाही. कुठलं उपकरण, केव्हा, कितीदा, यातलं काहीच तो सांगत नाही. वाय-फायचं फर्मवेअर कोसळून सावरणं ही तर नित्याची गोष्ट. तेवढ्यावरून अख्ख्या कर्नलला डाग लावायचा, म्हणजे एका भाडेकरूच्या भांडणासाठी सगळ्या सोसायटीला नोटीस. शिवाय त्याच वर्षी 5.8 आवृत्तीत ठरावीक टेंट लागताच मशीन पॅनिक करण्याची, म्हणजे तिथल्या तिथे थांबवण्याची, सोय आली. कुणी तिच्यात 'क्यू'चा बिट घातला असता, तर वाय-फायच्या एका उचकीने सर्व्हर आडवा झाला असता! तो डाग मुख्य कर्नलमध्ये आला नाही.

इथे दोन गल्लती होतात. टेंटमधलं 'आय' हे अक्षर, म्हणजे 2048, फर्मवेअरशी संबंधित दिसतं. पण ते मदरबोर्डच्या स्वतःच्या फर्मवेअरमधल्या (बायोस-एसीपीआय) दोषावर कर्नलने काढलेल्या पळवाटेचं आहे, कार्डाच्या क्रॅशचं नव्हे. दुसरी गल्लत 512 ची. काही ड्रायव्हर फर्मवेअर पडल्यावर वॉर्निंग देतात आणि तो आकडा लागतो, पण वॉर्निंगची कारणं शेकडो असतात.

मग उरतात कामाचे दोन पर्याय. डेव्हकोरडंप 2014 मध्ये, 3.18 आवृत्तीत आला. कोसळलेल्या कार्डाची मेमरी आणि रजिस्टरं ड्रायव्हर एका डंपमध्ये भरतो, सिसएफएस या उपकरणांची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये डेव्हकोरडंप वर्गाखाली एक नोंद उभी राहते आणि कर्नल यूइव्हेंट, म्हणजे घडल्याची सूचना, पाठवतं. अशा सूचना ऐकणाऱ्या यूडेव्हचा एक नियम लिहिला की डंप उचलून सुरक्षित जागी ठेवता येतो. क्रोमओएस अशाच पद्धतीने हे डंप गोळा करतं. मात्र मूळ मुदत फक्त पाच मिनिटांची. तेवढ्यात कुणी उचलला नाही तर कर्नल तो टाकून देतं. त्याच उपकरणाचा एक डंप पडून असताना दुसरा आला, तर दुसरा फेकला जातो. म्हणजे उचलून झाल्यावर जागा मोकळी करायची, आणि मोजणी आपली आपण ठेवायची. डंपमध्ये नेटवर्कचा खासगी मजकूरही असू शकतो, तेव्हा विक्रेत्याला मेल करण्याआधी दोनदा विचार करावा.

दुसरा पर्याय डेव्हलिंक हेल्थ, म्हणजे कार्डाच्या तब्येतीवर नजर ठेवणारी कर्नलची सोय. ती 2019 मधली, 5.1 आवृत्तीपासूनची. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांसाठी याच्या तोडीचं काही नाही. ड्रायव्हर 'रिपोर्टर' नोंदवतो. मूळच्या मेलानॉक्सच्या कार्डांचा जो एमएलएक्स5 ड्रायव्हर, त्यामध्ये फर्मवेअरच्या साध्या चुकांसाठी एक आणि जीवघेण्या चुकांसाठी दुसरा, असे वेगळे आहेत. प्रत्येक रिपोर्टर सध्याची स्थिती, किती चुका झाल्या आणि किती वेळा सावरलं याचे आकडे ठेवतो, डंप जपतो, आणि आपोआप सावरायचं की नाही हे तुम्हाला ठरवू देतो. सावरल्यावर लगेच पुन्हा पडलं, तर ठरलेल्या अवधीत तो परत प्रयत्न करत नाही, चुकीच्या स्थितीत थांबतो. हा शहाणपणा मला फार आवडतो, कारण रात्रभर रिसेट होत राहणारं कार्ड बंद पडलेल्या कार्डापेक्षा जास्त छळतं. डंप मात्र इथेही एकच राहतो. साफ केल्याशिवाय नवा घेतला जात नाही. आणि लॅपटॉपच्या वाय-फाय ड्रायव्हरांपैकी बहुतेकांनी ही वाट धरलेलीच नाही.

ग्राफिक्सचं बिऱ्हाड वेगळं. 2025 च्या 6.15 पासून डीआरएम (कर्नलचा ग्राफिक्स विभाग) मधला ड्रायव्हर जीपीयू अडकला की 'वेज्ड' असा यूइव्हेंट पाठवू शकतो, आणि सावरायला ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडायचा की कार्ड ज्या बसवर (जोडवाहिनीवर) आहे ती रिसेट करायची, हेही त्यात सांगतो. विंडोजमध्ये याचं जुनं भावंड व्हिस्टापासून आहे: जीपीयूने मूळ सेटिंगप्रमाणे 2 सेकंदांत दाद दिली नाही तर रिसेट, इव्हेंट लॉगमध्ये 4101 ची नोंद, आणि 60 सेकंदांत फारच वेळा घडलं तर थेट निळा पडदा. फर्मवेअर पडलं की ड्रायव्हर चुकला, हे मात्र ती नोंद सांगत नाही.

तुमच्याकडे डेव्हलिंकला साथ देणारी सर्व्हर कार्डं असतील, तर तिथूनच आकडे घ्या आणि दर काही मिनिटांनी ते तुमच्या मॉनिटरिंगमध्ये ओता. लॅपटॉप किंवा वाय-फाय उपकरणांचा ताफा असेल तर डेव्हकोरडंपवर यूडेव्ह नियम. टेंटचा आकडा बग कळवताना जोडा, अलार्म त्यावर बांधू नका. स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल, तर फर्मवेअर पडल्यावर वॉर्निंग मॅक्रो टाकायचा मोह आवरा: ज्यांनी वॉर्निंगवर पॅनिक चालू ठेवलंय त्यांचं अख्खं मशीन तुमच्या कार्डापायी बसेल. एटीएच10के सारखी डीबगएफएस या चाचणीसाठीच्या फाइलसिस्टिममधून खोटा क्रॅश घडवण्याची सोय मात्र जरूर द्या. यूडेव्हचा नियम खरंच चालतो का, हे खऱ्या क्रॅशची वाट न बघता तपासता येतं.