बँकॉकचा राजवाडा त्या दिवशी उघडाच होता

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीशी आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. खाओ सान रोडवरच्या हॉस्टेलातून सनाम लुआंगच्या मैदानाकडेने चालत आलो होतो. तिघे मित्र, पाठीवर सॅक, त्यातले दोघे हाफ पँटमध्ये. फाटक थोडं पुढे होतं. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ हात जोडून समोर आले. "आज बौद्ध सण आहे. सकाळी फक्त थाई लोकांना आत सोडतात, तुमच्यासाठी एक वाजता उघडेल. आणि या कपड्यांत तसंही सोडणार नाहीत."

शेवटचं वाक्य खरं होतं. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. राजवाड्याच्या आवारातल्या देवळात जायचं आणि आपण असे आलो, याची आम्हाला इतकी लाज वाटली की बाकीचं तपासावं हे सुचलंच नाही. चार पावलं पुढे जाऊन फाटक बघितलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्यांनी आमच्या नकाशावर तीन देवळांना गोल केले आणि टुकटुक थांबवून दिली. तिघांचे मिळून 20 बाट. आपल्याकडे रिक्षावाला एवढ्या पैशांत अख्खी सकाळ फिरवेल का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण त्यातल्या वात इंथाराविहान या देवळातली 32 मीटर उंच बुद्धमूर्ती खरोखर बघण्यासारखी होती, आणि त्यामुळे विश्वास आणखी वाढला.

पुढच्या लहानशा देवळात एक मध्यमवयीन माणूस शांत बसला होता. स्वतःहून बोलायला लागला. आज सरकारी योजनेचा शेवटचा दिवस आहे, रत्नांवर कर माफ आहे, मीही दरवर्षी घेतो, असं सांगत होता. बाहेर आलो तर टुकटुकवाल्यानेही तेच सांगितलं. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी असणार, असं आम्ही धरून चाललो. ती दोघं आणि फाटकाजवळचे ते गृहस्थ, तिघंही एकाच साखळीतली होती.

दुकानात एसी, गार पाणी, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हात धरून ओढलं नाही. फसवणारा माणूस अंगावर येतो, हीच आमच्या डोक्यातली समजूत. इथे सगळे नम्रपणे वाकून बोलत होते. माझ्या आईला साडेसाती सुरू होती आणि नाशिकच्या गुरुजींनी नीलम सांगितला होता. मी 18,000 बाटचा खडा घेतला, म्हणजे साधारण 43 हजार रुपये. आईसाठी घेतोय म्हणून जास्त विचारही केला नाही. "हॉस्टेलात चोऱ्या होतात," असं सांगून त्यांनी तो माझ्यासमोर सीलबंद केला आणि घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवला.

दुसऱ्या दिवशी लांब पँट घालून राजवाड्यात गेलो. 500 बाटचं तिकीट काढताना पहारेकऱ्याला विचारलं, काल सकाळी बंद होता का? तो म्हणाला, नाही, उघडाच होता. पोटात गोळा आला. दुकानात धावलो, तर उत्तर मिळालं, "आधी खडा परत आणा." तो तर पोस्टात होता. पर्यटक पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण त्यांनाही दाखवायला हातात खडा नव्हता.

पार्सल बारा दिवसांनी नाशिकला आलं. सराफाने भिंगाखाली पाहिलं आणि आतल्या बारीक वक्र रेषा मलाही दाखवल्या. खाणीतल्या नीलमात वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात. वक्र रेषा भट्टीत बनवलेल्या खड्यात येतात. किंमत काही शे रुपये. बँकेने हात वर केले, कारण कार्डचा पिन मी स्वतः टाकला होता आणि माल पोचला होता. आई रागावली नाही. "तुम्ही तिघं सुखरूप आलात ना," एवढंच म्हणाली. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात माझा मामेभाऊ मित्रांसोबत तिकडे निघालाय. त्याला मी कागदावर लिहून दिलंय: लांब पँट घाल. बंद आहे असं रस्त्यावर कुणीही सांगितलं तरी तिकीट खिडकीपर्यंत जा. टुकटुक दुकानापाशी थांबली तर आत पाऊल टाकू नकोस. गिऱ्हाईक आणलं की चालकाला कमिशन किंवा पेट्रोलचं कूपन मिळतं. आणि त्यातूनही काही घेतलंसच, तर पार्सल करू देऊ नकोस, वस्तू हातात ठेव आणि शंका येताच, त्याच दिवशी, 1155 वर पर्यटक पोलिसांना फोन कर.