बॅटरसी पॉवर स्टेशन: तिकीट नाही काढलंत तरी चालेल

लंडनला निघालेले ओळखीचे लोक विचारतात, बॅटरसी पॉवर स्टेशनमधल्या 'लिफ्ट १०९'चं तिकीट काढावं का? हे थेम्सकाठचं जुनं वीज केंद्र; आता तिथे दुकानं आणि घरं आहेत. हवामान स्वच्छ असेल तर काढा. काचेची गोल लिफ्ट वायव्येकडच्या चिमणीतून चढते, १०९ मीटर उंचीवर बाहेर डोकावते, आणि थेम्सचं वळण डोळे भरून पाहावं तोवर उतरायची वेळ होते. खरं बघण्यासारखं खाली आहे, तेही फुकट.

टर्बाइन हॉल 'ए'मध्ये शिरलात की आधी मान वर करा. मी बांधकामातला माणूस, त्यामुळे तिथल्या दुकानांवर काही लिहीत नाही. चारही चिमण्यांचं काँक्रीट खराब झालं होतं. त्या पाडून हुबेहूब पुन्हा उभारल्या. कंट्रोल रूम 'बी'मध्ये आता बार आहे, पण जुने डायल आणि स्विच जागच्या जागी आहेत. इतक्या निगुतीने केलेलं काम क्वचित दिसतं.

१९८३ मध्ये इथली वीजनिर्मिती बंद पडली. मग एकामागून एक मालक आले, थीम पार्कचीही योजना झाली, इमारत मात्र छप्पर गमावून पडून राहिली. २०१२ मध्ये मलेशियातल्या भागीदारांनी ती ४० कोटी पौंडांना घेतली: एसपी सेटिया आणि साइम डार्बी प्रत्येकी ४० टक्के, उरलेला वाटा ईपीएफचा, म्हणजे तिथल्या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा. पहिल्या दोन्ही कंपन्यांतही मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थांचा मोठा हिस्सा. दहा वर्षं थांबायची तयारी असलेला हा पैसा होता, म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये दारं उघडली, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मला खुपते. खर्च वाढल्याचं कारण देऊन विकासकांनी या प्रकल्पातली परवडणारी घरं ६३६ वरून ३८६ वर आणली, आणि २०१७ मध्ये वॉन्ड्सवर्थ कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने, ते मान्य केलं. निवृत्तीच्या पैशावर परतावा मागणं ईपीएफचं कर्तव्यच आहे. आपल्या भागातल्या भाडेकरूंसाठी अडून बसणं कौन्सिलचं होतं, आणि ती बसली नाही.

लंडन मेट्रोच्या नॉर्दर्न लाइनचं स्टेशन दाराशीच आहे. परतताना बॅटरसी पार्क रोड ओलांडून न्यू मॅन्शन स्क्वेअरपर्यंतही चालत जा; ती ३८६ घरं तिथे आहेत.

इमारतीला पाचपैकी पाच, लिफ्टला तीन.