बाराशे रुपये परत आले आणि विश्वास बसला

मी मानेवाड्याला राहते, घरीच शिकवण्या घेते. महिन्याकाठी दोन-अडीच हजार उरायचे. आरडीच्या पुढे काही करावं असं फार वाटायचं, पण शेअर म्हटलं की छातीत धडधडायचं. मला फसवणाऱ्या लोकांनी नेमकी ही भीतीच हेरली.

मोबाइलवरच्या एका जाहिरातीवरून मी एका ग्रुपमध्ये गेले. तिथली मॅडम गोड बोलायची. "ताई, घाबरू नका, ५ हजारांनीच सुरुवात करा." घाई अजिबात नाही. लिंक पाठवली, त्यावरून ॲप घेतलं. चार दिवसांत ५ हजारांचे ६,२०० दिसायला लागले. मग तिनंच सांगितलं, वरचे काढून बघा. बाराशे रुपये खरंच माझ्या बँकेत आले. मी संध्याकाळी यांना मेसेज दाखवला. हे एवढंच म्हणाले, "जास्त नको टाकू, बरं." मी ऐकलं नाही.

महिनाभरात १ लाख ६० हजार गेले, त्यातले बहुतेक एफडी मोडून. शेवटचे ७० हजार 'आयपीओ लागला, आजच भरा, नाहीतर खातं गोठेल' म्हणून. इथेच मला कळायला हवं होतं. खऱ्या आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा, अर्ज करताना पैसे आपल्याच बँक खात्यात अडकून राहतात. शेअर मिळाले तरच तेवढे कापले जातात. कोणाच्या खात्यात पाठवावे लागत नाहीत. आणि मी तर दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यात पाठवत होते!

पैसे काढायला गेले तर म्हणे आधी २० टक्के टॅक्स भरा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे, हे खरं. म्हणूनच ते पटतं. पण तो आपण सरकारला भरायचा असतो, पैसे सोडवण्यासाठी ब्रोकरला नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.कॉम. करते. तिनं विचारलं, "मॅडम, सीडीएसएल किंवा एनएसडीएलचं स्टेटमेंट येतं का तुम्हाला?" आपल्या नावावरच्या शेअरची नोंद या दोन संस्था ठेवतात. पण शेअर ज्यात जमा होतात ते डीमॅट खातंच माझं नव्हतं. त्यांनी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक दाखवला होता, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. सेबीच्या साइटवर नाव आणि पत्ता ताडून बघायला पाच मिनिटं पुरली असती.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला तेव्हा शेवटचे पैसे पाठवून नऊ दिवस झाले होते. लाजेनं मी कोणाशी बोललेच नव्हते. एका खात्यातले ११ हजार गोठवता आले, बाकीचे तोवर पुढे वळते झाले होते. कोणावर अशी वेळ आली तर लाज बाजूला ठेवून त्याच तासाला १९३० लावा, सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

ते ॲप पुरावा म्हणून मी अजून काढलेलं नाही. त्यात आजही माझ्या नावावर ४ लाख १२ हजार दिसतात.