क्रोमोली म्हणून घेतलेल्या साठ नळ्या

धायरीत घरामागच्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सायकलच्या फ्रेम बांधतो. माणसाची मापं घ्यायची, त्याप्रमाणे नळ्या कापायच्या, पितळेने जोडायच्या. वर्षाला सात-आठ फ्रेम, त्याहून जास्त नाही. ज्यांना हे काम सुरू करायचंय, किंवा कुणाकडून अशी फ्रेम करून घ्यायचीय, त्यांनी हे वाचावं. क्रोमोली म्हणून साध्या पाइपाच्या नळ्या गळ्यात पडल्या. त्यात माझे ५८ हजार गेले याचं वाईट वाटतंच, पण त्या नळ्यांच्या सायकली घेऊन चार माणसं महामार्गावर फिरत होती, ते अजून जास्त खातं.

चांगल्या नळ्या मिळवणं हा आपल्याकडे कायमचा घोळ. नळ्या करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या परदेशी: रेनॉल्ड्स बर्मिंगहॅमची, कोलंबस इटलीची. मागवायला गेलं की कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळून गिऱ्हाईक पळून जाईल असा आकडा होतो. म्हणून ४१३० वर, म्हणजे साध्या क्रोमोलीवर (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादावर), काम भागवावं लागतं. कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम ०.८ ते १.१, मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५, बाकी बहुतेक लोखंडच. पण त्या चिमूटभर मसाल्यामुळे कायमचं वाकायला एमएसपेक्षा, म्हणजे साध्या मऊ पोलादापेक्षा, पावणेदोन-दोन पट जोर लागतो. म्हणून तर ०.९ मिलिमीटर जाडीच्या नळीवर माणूस बसवायची हिंमत होते.

एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. बोलायला लाघवी माणूस. हेड ट्यूब, डाउन ट्यूब, बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या भागांचे सगळे शब्द तोंडपाठ. म्हणाला, “साहेब, विमानाच्या कारखान्यातला उरलेला लॉट आहे. संपला की संपला.” ४१३० खरोखरच छोट्या विमानांच्या सांगाड्यात वापरतात, त्यामुळे मला ते पटलं. थाप मारणाऱ्याने तेवढा अभ्यास केलेला होता.

त्याने नमुन्याच्या दोन नळ्या पाठवल्या, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. मी अगदीच भोळा नव्हतो. भोसरीत एका मित्राच्या कंपनीत पीएमआय गन आहे, हातात धरायचं एक्स-रे यंत्र. कार्बन तिला दिसत नाही, पण क्रोमियम-मॉलिब्डेनम काही सेकंदांत दाखवते. क्रोमियम ०.९४, मॉलिब्डेनम ०.१९. अस्सल! मित्र म्हणाला, “घेऊन टाक.” मी साठ नळ्या सांगितल्या. आणि ती गन पुन्हा हातात घेतली नाही. माझी पहिली चूक ती.

दुसरी चूक लोभाची, ती लपवत नाही. व्यापारी म्हणाला, पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर. मी म्हटलं, कच्चं चालेल. पैसे यूपीआयने एका भलत्याच नावावर गेले. “भाच्याचं खातं आहे, साहेब.”

माल आला तो दृष्ट लागावा असा. तेल चोळलेल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नळ्या, टोकं स्वच्छ कापलेली. सर्टिफिकेटवर नमुन्याचाच हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाण्यात वितळवलं त्याचा क्रमांक, होता. नळ्यांवर मात्र छाप, शिक्का, रंगाचा पट्टा, काहीच नव्हतं. म्हणजे तो कागद कुठल्याही नळीसोबत चालला असता. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी काय केलं, तर व्हर्नियर घेऊन मापं तपासली. सव्वा इंची, ०.९ जाडीची, ६५० मिलिमीटर लांब नळी हिशेबाने ४४५ ग्रॅम भरायला हवी. काट्यावर ४४७ आली. खूश झालो. एमएस असो की क्रोमोली, घनता जवळपास एकच, हे शाळेच्या पोरालाही कळतं. वजनावरून जाडीतला खोटेपणा सापडतो, धातूतला नाही. आतून बोट फिरवून शिवण लागते का तेही पाहिलं. लागली नाही, कारण त्या सीडीडब्ल्यू नळ्या निघाल्या: पट्टी वळवून वेल्ड करायची, मग थंड अवस्थेत साच्यातून ओढायची. ओढताना आतली शिवण दबून जाते.

नळ्या मात्र बोलत होत्या. नळीचं टोक गोल कापायचा होल-सॉ लोण्यात गेल्यासारखा जात होता. वाटलं, नवा सॉ चांगला लागला. जोडकाम झालं की फ्रेम दोन-अडीच मिलिमीटर तिरकी होतेच, मग लांब दांडा घालून ती सरळ करावी लागते. क्रोमोली हट्टी असते. चार मिलिमीटर रेटावं तेव्हा एक सरकते, उरलेली उसळून परत येते. ही जिथे रेटावी तिथे मुकाट थांबत होती. मी त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, “आता माझा हात बसला.”

आणि चालवूनही कळत नाही. लवचीकपणाच्या बाबतीत सगळी पोलादं जवळजवळ सारखी. चढावर उभं राहून पेडल मारा, उतारावर सोडा, फरक लागणार नाही. फरक लागतो तो वाकायच्या क्षणी.

तो क्षण खेड शिवापूरजवळ सर्व्हिस रोडवर आला. साताऱ्याचे एक शिक्षक, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीची, तयारी करत होते. पावसाने भरलेला खड्डा, पुढचं चाक आत. “दादा, सायकल पुढून बसली.” दोन्ही तळहात सोलले, मनगट मुरगळलं, थोडक्यात वाचले. मागून ट्रक असता तर? या विचाराने मी अजून रात्री उठतो.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की गुरुजींनी कुठेतरी जोरात आपटली असणार. मग वाटलं, माझ्याच टॉर्चने नळी जास्त तापली. फ्रेम शेडमध्ये आणून पाहिली. जोड शाबूत. डाउन ट्यूब, म्हणजे हँडलकडून पेडलकडे तिरकी उतरणारी नळी, मात्र पुढच्या जोडापासून चार बोटं मागे, पोटाखाली, पत्र्याच्या डब्यासारखी चुरगळलेली. न वापरलेल्या नळीचा तुकडा कापून भोसरीतल्याच लॅबमध्ये स्पेक्ट्रो करायला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजायला, दिला. कार्बन ०.०८. क्रोमियम ०.०२. मॉलिब्डेनम नावालाही नाही. खुर्च्या-टेबलांचा पाइप.

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, “साहेब, तुमच्या गॅसने क्रोमियम जळून गेलं.” क्रोमियम काय कापूर आहे? मी सांगितलं, तपासलेली नळी कोरी होती. तो म्हणाला, बघून सांगतो. त्यानंतर फोन लागला नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटोही दिसेनासा झाला.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिलाच प्रश्न: बिल आहे का? पोलीस चौकीत ऐकवलं की हे दिवाणी प्रकरण आहे. एका वकील मित्राने वेगळीच गोम सांगितली: धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस २०१९ च्या कायद्यातही ग्राहकच धरला जातो. म्हणजे दार होतं. माझ्याकडे कागद नव्हता. यूपीआयच्या पावतीवर भाचा, आणि भाच्याने मला काहीच विकलेलं नाही.

आता नळी आली की प्रत्येकीच्या टोकाची दोन सेंटिमीटरची चकती कापतो. टॉर्चने लालभडक तापवायची, लगेच बादलीत बुडवायची. ४१३० कडक होते: कानस घसरते, वाईसमध्ये आवळली तर चपटी व्हायच्या आत तडकते. एमएस निमूट चपटी होते. या परीक्षेत क्रोमियम किती ते कळत नाही, पण साधा पाइप तिथेच उघडा पडतो. खर्च बादलीभर पाणी. प्रत्येक नळीची करायची, नमुन्याची नाही. शंका उरली तर स्पेक्ट्रो. पक्क्या बिलावर ‘४१३० सीमलेस’ (बिनशिवणीची) असं लिहून घेतो आणि हीट नंबर नळीवर छापलेला नसेल तर माल उतरवून घेत नाही. यावर एक दुकानदार मला हसला. हसू दे.

उरलेल्या नळ्यांवर आईने दोडक्याचा मांडव घातलाय. त्या लॉटच्या पाच फ्रेम झाल्या होत्या. एक माझी, ती कापली. गुरुजींना नवी बांधून दिली. दोन गिऱ्हाइकांनी सायकली आणून दिल्या, त्यांचं काम चालू आहे. पाचवी ज्यांना विकली त्यांनी ती आधीच दुसऱ्याला दिली होती, आणि त्याने पुढे तिसऱ्याला. गडद हिरवा रंग, पुढे हँडलखाली पितळी हेड बॅज (बिल्ला) नाही, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीच्या, खाली ‘११’ हा आकडा हाताने ठोकलेला. सेकंडहँड घेतलेल्या सायकलीखाली तो दिसला तर ती चालवू नका, धायरीला घेऊन या. नवी फ्रेम बांधून देईन, पैसे घेणार नाही.